ले-ऑफच्या मस्टरवरील सहा अंगठे

माझ्या चाकरीची अठरा वर्षे एका खिडकीमागे गेली. खिडकी कसली, भिंतीत ठेवलेला वीतभर उंचीचा झरोकाच तो. वर लोखंडी जाळी, खाली लाकडी फळी आणि फळीवर मस्टर, म्हणजे हजेरीची वही. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत उसाच्या चिपाडापासून पुठ्ठा तयार करणारा एक लहान कारखाना होता. त्याच्या फाटकालगतच्या टाइम ऑफिसात मी टाइमकीपर होतो. बाहेरून कामगाराने आपला टोकन नंबर पुकारायचा, आतून मी त्या नंबरावर बोट ठेवायचे आणि झरोक्यातून आत आलेल्या हाताने सही करायची, असा आमचा रोजचा व्यवहार. चेहरे मला थोड्यांचेच पाठ होते. हात मात्र बहुतेकांचे. लगद्याच्या कुंडावर काम करणाऱ्यांच्या बोटांची टोके पांढरी, सुरकुतलेली असत. कापणी यंत्रावरच्यांच्या तळहातांवर पुठ्ठ्याच्या कडांचे बारीक ओरखडे असत. आपण हातावरून माणूस ओळखतो, असा मला थोडा अभिमानही होता. तो कसा गळून पडला, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

मी मूळचा पाठशाळेतला. इंदापुरात गुरुजींच्या पायाशी बसून संथा घेतली, व्याकरण आणि थोडे धर्मशास्त्र शिकलो, आणि पुढे काही वर्षे याज्ञिकीही केली. तेवढ्यावर संसार चालेना, तेव्हा एका यजमानांच्या शब्दाने कारखान्यात लागलो. कामगार मला शास्त्रीबुवा म्हणत. त्यात आदर किती आणि थट्टा किती, हे ज्याच्या त्याच्या स्वरावर अवलंबून असे. पहिल्या पाळीचा भोंगा सातला होई. त्याआधी स्नानसंध्या उरकून, कपाळीचे गंध वाळते न वाळते तोच मी झरोक्यामागे बसलेला असे.

गेल्या शतकाची शेवटची दोन-तीन वर्षे उरली असतानाची ही हकिगत आहे. एका सकाळी बॉयलरच्या नळ्यांना तडे गेलेले आढळले. वाफेवाचून पुठ्ठा वाळत नाही. नव्या नळ्या येऊन, सरकारी तपासणी होऊन बॉयलर पुन्हा पेटायला कमीत कमी दीड महिना लागणार होता. मॅनेजरसाहेबांनी फलकावर ले-ऑफची नोटीस लावली.

ज्यांचा कारखान्याशी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी हे थोडे उलगडून सांगतो. काम गेले म्हणून सरकारने घरपोच भत्ता द्यावा, अशी सोय आमच्याकडच्या कारखान्यातल्या माणसाला नव्हती. मात्र मालकाला काही कारणाने तात्पुरते काम देता आले नाही, तर कायद्याने कामगाराला त्या दिवसांचा अर्धा पगार मिळे. यालाच ले-ऑफची भरपाई म्हणत. तिला अटी होत्या. वर्षभराची सलग नोकरी हवी, नाव मस्टरवर हवे, आणि तिसरी अट सर्वांत विलक्षण होती: काम नाही हे ठाऊक असूनही कामगाराने रोज पाळीच्या वेळेला फाटकावर हजर व्हावे, सही करावी आणि दोन तास वाट पाहावी. दोन तासांत काम मिळाले नाही, की त्या दिवसाचा अर्धा पगार पक्का. जो दिवस चुकला, तो गेला. हे सारे पंचेचाळीस दिवसांपर्यंत.

हे सगळे मी फाटकावर उभा राहून मोठ्याने वाचून दाखवले, आणि समजले का म्हणून विचारले. सगळ्यांनी समजले म्हणून सांगितले. माणसांना समजते ते त्यांच्या त्यांच्या रीतीने, हे मला तेव्हा कळायला हवे होते; इतकी वर्षे संकल्प सांगताना तोच अनुभव घेतला होता.

पहिल्याच आठवड्यात सणसरच्या हणमंतरावांनी मला बुचकळ्यात टाकले. कापणी यंत्रावरचा हा जुना कामगार, घरचा ऊस असलेला, बोलायला फटकळ. सही करून तो इतरांसारखा लिंबाखाली बसेना. चौकीदाराकडून खराटा मागून त्याने फाटकापासून रस्त्यापर्यंतची सगळी जागा झाडून काढली. दुसऱ्या दिवशीही तेच. मी विचारले, तर म्हणाला की काम न करता दाम घेऊन घरी गेले तर म्हातारी ताटावर बसू देणार नाही. मी त्याला कायदा समजावला. त्याने ऐकून घेतला आणि तिसऱ्या दिवशी फक्त अर्धीच जागा झाडली. अर्ध्या पगाराला अर्धे काम, एवढी तडजोड त्याने कायद्याशी केली. दीड महिना आमच्या फाटकाची एक बाजू लख्ख आणि दुसरी पालापाचोळ्याची, अशी राहिली.

बाकीचे दोन तास लिंबाखाली बसत. कोणी घोंगडीवर पडे, कोणी बैलांच्या बाजाराच्या गोष्टी काढी. नऊ वाजून गेले की मंडळी उठून आपापल्या वाटेला लागत. दिवस शांतपणे जात होते.

पंचेचाळीस दिवस संपले, तेव्हा बॉयलर दुरुस्त होऊन आला होता. पण मालकांनी दोन यंत्रांपैकी एकच चालवायचे ठरवले. म्हणजे कपात आली. कपातीचा नियम असा, की शेवटी आलेला आधी जातो आणि जाताना दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून घेतो. यादी करायचे काम माझ्याकडे होते. तीत निरवांगीचा सुखदेव कोकरे होता, लगद्याच्या कुंडावरचा, टोकन सत्तेचाळीस. त्याची सात वर्षे भरली होती. यादीसोबत ले-ऑफचे मस्टर मी मॅनेजरसाहेबांपुढे ठेवले. ते परमुलखातले, हिशेबाला काटेकोर. मनाने दुष्ट नव्हते, पण माणसांपेक्षा कागदावर त्यांची नजर लवकर जाई. पाने उलटता उलटता ते थांबले.

सत्तेचाळीस नंबरासमोर सुखदेवची वळणदार सही होती. सातवीपर्यंत शिकलेला होता तो. मात्र मधल्या सहा दिवसांच्या चौकटींत सही नव्हती. तिथे सहा अंगठे होते.

दुसऱ्याच्या नावे हजेरी लावणे हे आमच्या नियमांत गंभीर गैरवर्तन होते आणि त्याची शिक्षा बडतर्फी. बडतर्फ झालेल्याला कपातीची भरपाई मिळत नाही. सात वर्षे पाण्यात जातात. त्याहून वाईट म्हणजे हातात येणारा दाखला. लोणी देवकरकडे नवे कारखाने येणार म्हणून तेव्हा तालुकाभर चर्चा होती. कपातीतल्या माणसाला तिथे दार उघडले असते. फसवणुकीचा ठपका घेऊन आलेल्याला कोणत्याच फाटकाने आत घेतले नसते. सुखदेवचे वय तेव्हा तिशीच्या आसपास. घरात दोन लेकरे, थोडी कोरडवाहू जमीन आणि वाडवडिलांपासून चालत आलेल्या मेंढरांतली उरलेली वीस-पंचवीस.

साहेबांनी मला विचारले, "शास्त्री, अंगठे घेतले जात होते तेव्हा तुम्ही काय पाहत होता?"

मी म्हणालो, "गर्दी होती, साहेब."

हे खोटे नव्हते. गर्दी रोजच असे. पण खोटे नसणे आणि खरे असणे यांत अंतर आहे, हे ज्याला बालपणी शिकवले गेले, त्याने ते उत्तर द्यायला नको होते.

चौकशी लागली. तिच्या आदल्या दिवशी सुखदेव आला, आणि त्याच्यासोबत त्याचा थोरला भाऊ धोंडिबा. पन्नाशीकडे झुकलेला, उंच, खांदे किंचित पुढे आलेले. सुखदेव त्याला तात्या म्हणे. बचावासाठी सहकारी कामगार घेता येतो, म्हणून हणमंतरावही होते. टाइम ऑफिसच्या पायरीवर आम्ही चौघे बसलो. मी सुखदेवला विचारले, की ते सहा दिवस कोण आले होते.

उत्तर धोंडिबांनी दिले. "मी आल्तो की. माझंच अंगठं हायती त्ये."

त्यांच्या स्वरात कबुलीजबाबाचा लवलेश नव्हता. आपण केलेल्या कामाची नोंद सापडल्याचे समाधान होते. मग त्यांनी सावकाश सगळे सांगितले. ले-ऑफच्या तिसऱ्या आठवड्यात मेंढरांमागे फिरताना त्यांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. टाच पिकली. पाय टेकवेना. मेंढरे तर एक दिवस उपाशी ठेवता येत नाहीत. त्यांच्यामागे दिवसभर चालणारा माणूस हवाच. घरात चालता येणारा गडी एकटा सुखदेव. तेव्हा दोघा भावांनी विचार केला. मेंढरांमागे चालायचे काम आहे, ते सुखदेवने करावे. फाटकावर बसायचे काम आहे, ते तात्यांनी करावे. एस.टी.त बसून यायचे, लिंबाखाली बसायचे, एस.टी.त बसून जायचे.

"बसायाचंच व्हतं न्हवं?" धोंडिबा म्हणाले. "काम असतं तर मी आलोच नसतो. मला तुमच्या कुंडातलं काय कळतंय?"

मी त्यांना विचारले, की हजेरी सुखदेवच्या नावाची असताना आपण चालू, असे त्यांना कसे वाटले. ते माझ्याकडे अशा नजरेने पाहत राहिले, की जणू शिकल्यासवरल्या माणसाने सूर्य कोठे उगवतो असे विचारावे. गावात बंधारा दुरुस्तीला घरटी एक माणूस बोलावतात. पाटाच्या पाळीवर, देवाच्या पालखीला, मयताला, पंचांच्या बैठकीला घरटी एक माणूस लागतो. थोरला गेला काय नि धाकटा गेला काय, घर हजर झाले. कोकऱ्यांचे घर रोज फाटकावर हजर होते. त्यांनी एक दिवसही चुकवला नव्हता, आणि याचाच त्यांना अभिमान होता. टाच ठणकत असताना त्यांनी सहा दिवस दोन तासांची बैठक मोडली नव्हती. लिंबाखालच्या सर्वांना हे ठाऊक होते. कोणी चहाडी केली नाही, कारण त्यात चहाडी करण्याजोगे काही आहे असे कोणालाच वाटले नाही.

याज्ञिकीत मी स्वतः हेच करत आलो होतो. यजमान प्रवासात असेल, आजारी असेल, तर त्याच्या वतीने त्याचा भाऊ किंवा पुत्र पाटावर बसतो आणि आम्ही त्याच्या नावाने संकल्प सोडतो. ते कर्म देवाला पोचते, असे शास्त्र सांगते. कारखान्याला मात्र पोचत नाही. कायद्याला देह हवा असतो, तोच आणि तेवढाच. हे मी त्यांना समजावून सांगू लागलो. कायद्याची गोष्ट वेगळी, आता फार काही करता येईल असे दिसत नाही, अशा अर्थाचे बोलत होतो. हणमंतरावांनी मला मध्येच थांबवले.

"शास्त्रीबुवा, एक सांगा. अंगठ्याला शाई कुणी दिली?"

आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता ते पुढे म्हणाले,

"सही करणाऱ्याच्या नावाम्होरं अंगठा उठवायचा, तर शाईची डबी पुढं सरकवायला हात लागतोय. कुणाचा लागला? आन साएबाला सांगितलं गर्दी व्हती. गर्दीनं सरकवली व्हय डबी?"

सुखदेव त्यांना म्हणाला, "आसूं द्या आण्णा. त्यांची बी नोकरी हाय."

हणमंतरावांच्या टोमण्याने मला राग आला असता. सुखदेवच्या त्या एका वाक्याने तो येऊ दिला नाही. ज्याची सात वर्षे जाणार होती, तो माझ्या नोकरीची काळजी करत होता.

घरी येऊन सायंसंध्येला बसलो आणि मन स्थिर होईना. त्या सहा दिवसांतला पहिला दिवस मला स्पष्ट आठवत होता. सत्तेचाळीस नंबर पुकारला गेला आणि झरोक्यातून एक हात आत आला. तो लगद्याचा हात नव्हता. बोटे जाड, उन्हाने काळवंडलेली, नखांच्या कडा फुटलेल्या, आणि त्याला लोकरीचा तो उग्र, तेलकट वास होता. मला ते जाणवले होते. दोन आठवडे पाण्यात हात नाही म्हणून रंग परत आला असेल, अशी मीच माझी समजूत घातली आणि शाईची डबी पुढे केली. खाली वाकून झरोक्यातून चेहरा पाहायला निमिषभर पुरे होते. वाकलो असतो, तर तिथल्या तिथे म्हणालो असतो, तात्या, तुम्ही नाही चालणार, सुखदेवलाच पाठवा. एक दिवस बुडाला असता, पुढचे पाच वाचले असते आणि ही चौकशी उभीच राहिली नसती. अडाणी म्हणावे असे त्यात कोणी होते, तर ते झरोक्याच्या आतल्या बाजूला बसले होते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांच्या खोलीत चौकशी झाली. सुखदेवने जे घडले ते सांगितले. साहेब म्हणाले, की कबुली आली, आता प्रश्न उरला नाही. तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि मला काही सांगायचे आहे म्हणालो.

मी सांगितले, की परवाचे माझे उत्तर अपुरे होते. शाई मी दिली. हात परका आहे हे मला जाणवले होते आणि तरीही मी विचारले नाही. मग मस्टर त्यांच्यापुढे ठेवून एवढेच म्हणालो, "साहेब, ज्याला फसवायचे असते तो दुसऱ्याची सही गिरवतो, आणि ती गिरवायला सुखदेवनेच शिकवली असती. यांनी आपला अंगठा दिला आहे. जगात दुसऱ्या कोणाचा नसेल असा, स्वतःचा, आणि तोही सहा वेळा. यात लपवणे कोठे आहे, ते आपणच दाखवा."

साहेबांनी त्या सहा चौकटींवरून एकेक करून बोट फिरवले. मग त्यांनी बाहेर थांबलेल्या धोंडिबांना आत बोलावले आणि विचारले, की अंगठा का दिला, सही का नाही केली.

"मला येत न्हाय सही," धोंडिबा म्हणाले. "आन आली असती तरी त्याची कशी करू? आलो व्हतो मी."

साहेबांनी मला विचारले, की तुम्ही जे बोललात ते लेखी द्याल का. मी तिथेच बसून लिहून दिले.

निकाल आठ दिवसांनी लागला. फसवणुकीचा आरोप वगळला; नियम न पाळल्याबद्दल सुखदेवला समज. त्या सहा दिवसांची ले-ऑफ भरपाई नामंजूर. ती कायद्याने देता येतच नव्हती. बडतर्फी टळली. नाव कपातीच्या यादीत राहिले, म्हणजे सात वर्षांची भरपाई आणि स्वच्छ दाखला, दोन्ही मिळणार होते. नोकरी गेल्याचा आनंद व्हावा, असा प्रसंग माणसाच्या आयुष्यात क्वचितच येत असेल. पण कपातीचा कागद हातात घेताना सुखदेवचा चेहरा उजळला होता, हे मी पाहिले आहे. मला लेखी ताकीद मिळाली आणि त्या वर्षीची वेतनवाढ थांबली. ते योग्यच झाले. त्यानंतर कधीही कामगाराचा चेहरा पाहिल्यावाचून मी मस्टरवर बोट ठेवले नाही. पहिल्या पाळीला त्यामुळे पाच मिनिटे अधिक लागत आणि माझ्या नावाने बोटे मोडली जात.

भरपाईच्या वाटपाला दोघे भाऊ मिळूनच आले. सुखदेव आत गेला, सही केली, दाखला घेतला आणि दोन्ही गोष्टी बाहेर आणून तात्यांच्या हातात दिल्या. धोंडिबांनी रक्कम मोजली नाही. दाखल्याचा कागद मात्र उलटसुलट करून पाहिला आणि मला वाचून दाखवायला सांगितला. मी वाचला. वर्तणूक चांगली, या शब्दांवर त्यांनी मान हलवली. सुखदेव इतरांचा निरोप घ्यायला गेला आणि ते माझ्या शेजारी पायरीवर टेकले. टाच आता भरली होती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "त्या सहा दिसांचं काय झालं म्हणायचं?"

मी म्हणालो, की त्यांचे पैसे मिळाले नाहीत, ते कापले गेले.

"पैशाचं न्हाय इचारत. सुखदेव तर त्या दिशी हितं नव्हता. त्याच्या नावावर त्ये दिस पडलं न्हाईत, हे बरोबर हाय. माझं तर तुमच्या वहीत नावच न्हाय. पर मी आल्तो. मग त्ये सहा दिस कुणाकडं गेलं?"

प्रश्न साधा होता आणि विचारणाऱ्याच्या मनात काही किल्मिष नव्हते. मी पाठशाळेत जे शिकलो ते आठवून पाहिले, कामगार कायद्याचे जे थोडेफार ठाऊक होते तेही आठवून पाहिले.

"तात्या," मी म्हणालो, "शाई मी दिली होती. ते माझ्याकडे राहिले."

बहुधा त्यांना ते पटले असावे.

"मंग हरवलं न्हाईत," असे म्हणून ते उठले, आणि निरवांगीची एस.टी. चुकेल म्हणून त्यांनी भावाला हाक मारली.